सल्ला देणारेच खुर्चीत
'थिंक टँकवाले नुसते कागद काळे करतात, सरकार त्यांना विचारतंय कुठे?' असं धोरणांचा अभ्यास करून सल्ला देणाऱ्या या गटांबद्दल काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. २६ जानेवारी १९९८ चं पत्र बघा. 'प्रोजेक्ट फॉर द न्यू अमेरिकन सेंच्युरी' या वॉशिंग्टनच्या गटाने तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष क्लिंटन यांना लिहिलं, इराकच्या सद्दामला हटवा. खाली १८ सह्या. क्लिंटननी काही सैन्य घुसवलं नाही. पण २००१ मध्ये बुश अध्यक्ष झाले आणि त्याच सह्यांमधले रम्सफेल्ड संरक्षणमंत्री, वुल्फोवित्झ त्यांचे उपमंत्री, बोल्टन परराष्ट्र खात्यात! मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला. अर्थात ९/११ झालं नसतं तर पत्र फायलीतच धूळ खात पडलं असतं, असं माझं मत. बाय द वे, सही करणाऱ्यांतले राज्यशास्त्रज्ञ फुकुयामा नंतर याच युद्धावर टीका करू लागले.