चार्ल्स हायर्सने रूट बिअर नेमकी विकली कशी?

अनुजा_क
दिवाळी अंकासाठी शीतपेयांच्या सुरुवातीच्या जाहिरातींवर लेख लिहितेय. कोका-कोलाबद्दल भरपूर वाचायला मिळतं, पण त्याच्याही आधी रूट बिअर या मुळ्या-सालींच्या गोड, फेसाळ पेयातून नाव कमावलेल्या फिलाडेल्फियाच्या चार्ल्स एल्मर हायर्सबद्दल (१८५१–१९३७) मराठीत जवळजवळ काहीच नाही. जाणकारांकडून तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.
१) तो आधी तयार पेय विकत नव्हता, घरी पेय बनवायची पुडी विकायचा. गिऱ्हाइकाला घरी एवढा खटाटोप करायला त्याने कसं राजी केलं?
२) भांडवल नसताना जाहिराती कशा परवडल्या?
३) दारूबंदीवाल्या बायकांनी बहिष्कार घातला, तो कशावरून? त्या पेयात खरंच अल्कोहोल असायचं का?

जुना_फलक
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण हायर्सचं मोठेपण तिथेच आहे.

न्यू जर्सीतल्या शेतकरी घरातला हा मुलगा बाराव्या वर्षी औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि विशीच्या आत फिलाडेल्फियात स्वतःचं दुकान घालून बसला. पहिली चांगली कमाई झाली ती मुलतानी मातीतून. जवळच एका तळघराचं खोदकाम चालू होतं. निघालेली चिकट माती मजूर फेकून देत होते. ही कपड्यांवरचे तेलकट डाग काढणारी माती आहे हे त्याने ओळखलं आणि फुकट उचलून आणली. तोवर औषधवाले ती सुटी, तोलून विकत. त्यात धूळ फार आणि दर वेळी वजन करायची कटकट. हायर्सने तिच्या सारख्या मापाच्या वड्या पाडल्या, त्यावर स्वतःचं नाव उमटवलं आणि घाऊक व्यापाऱ्यांना विकल्या. पुढचा सगळा धंदा या वड्यांत दिसतो: साधा माल, ठरलेलं माप, वर नाव. लेखात हा प्रसंग जरूर घ्या.

आता जाहिरातींचं. 'पब्लिक लेजर' या दैनिकाचा मालक जॉर्ज चाइल्ड्स याने त्याला जाहिरात करायला सुचवलं. पैसे नाहीत म्हटल्यावर रोज जाहिरात छापायची आणि हायर्स स्वतः मागेपर्यंत बिल पाठवायचं नाही, असं ठरवून दिलं. म्हणजे वर्तमानपत्राची जागा हेच त्याचं पहिलं भांडवल. विक्रीतून आलेला पैसाही तो पुन्हा जाहिरातीतच घालत गेला. त्या काळी छोटा दुकानदार हंगामापुरती चार ओळींची जाहिरात देई. हायर्सचं नाव मात्र सतत डोळ्यांसमोर राहिलं.

रंगीत छापील कार्डंही पाहा. पुढच्या बाजूला गुबगुबीत गालांचं मूल, हातात फेसाळता पेला. मागे छोट्या टायपात पुडीची किंमत, किती पेय होतं आणि रक्त शुद्ध होतं वगैरे दावे. दुकानदार ही कार्डं फुकट वाटत आणि मुलं ती वहीत चिकटवत. मूल कार्ड जपून ठेवणार आणि पेय करणार आई, म्हणून चित्र मुलासाठी आणि मजकूर आईसाठी. इतकी नेमकी वाटणी त्या काळातल्या फार थोड्या जाहिरातींत सापडते. पुढे हेच मूल जर्मनीत मेटलाखला बनवून घेतलेल्या मगांवरही आलं.

फसफस
पहिल्या प्रश्नाला हिशेबाने उत्तर देतो. पुडीची किंमत २५ सेंट, त्यात ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पेय. आठ औंसाचा पेला धरला तर ८० पेले होतात. सोडा फाउंटनवर, म्हणजे शीतपेय पेल्यात भरून देणाऱ्या दुकानात, एका पेल्याला ५ सेंट पडत. पाच पेल्यांच्या पैशांत ऐंशी! वर साखर आणि यीस्टचा खर्च धरला तरी घरच्या बाईला हे लगेच पटे. हायर्सच्याही सोयीचंच होतं: पाणी, साखर, बाटली, मजुरी सगळं गिऱ्हाइकाचं, त्याने पाठवायच्या फक्त वाळलेल्या मुळ्या आणि साली. हलका माल, नासत नाही, टपालानेही जातो.

सुरुवातीच्या सुक्या पुडीत एक अडचण होती. मुळ्या उकळा, गाळा, मग पुढचं. कमी उकळलं तर फिकं, जास्त उकळलं तर कडू. म्हणून १८८० च्या दशकात त्याने द्रव अर्काची छोटी बाटली आणली. मग कृती एवढीच राहिली:

अर्काची एक बाटली, ४ पौंड (१.८ किलो) साखर, ५ गॅलन कोमट पाणी, ताज्या दाबलेल्या यीस्टची अर्धी वडी. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळायचं, लगेच बाटल्यांत भरायचं, बुचं घट्ट बसवून सुतळीने बांधायची, उबेला ठेवायचं. गॅस धरला की थंड जागी हलवायचं.

यातलं काय चुकतं, कशाने चुकतं:

पाणी कोमट म्हणजे ३०–३५ अंश. हाताला चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि नुसता गोड काढा उरतो. भरायला उशीर केला तर गॅस पातेल्यातूनच उडून जातो. बुच नुसतं दाबून भागत नाही. दाब वाढला की ते वर सरकतं, म्हणून सुतळी बुचावरून उलटसुलट घेऊन मानेच्या कड्याखाली आवळायची. पत्र्याचं क्राउन झाकण १८९२ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पेटंट केलं, तोवर घरोघरी हीच रीत.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे बाटल्या उबेत विसरणं. चांगल्या फेसाला लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पुरतो आणि त्यासाठी जेमतेम ८ ग्रॅम साखर खर्च होते. या कृतीत मात्र लिटरला ९५ ग्रॅम साखर आहे! यीस्टला मोकळं सोडलं तर हव्या त्याच्या दहापट गॅस होतो. काच फुटणारच.

सरोज_रसायन
तिसरा प्रश्न वरच्याच आकड्यांनी सुटतो. आंबवताना जवळपास जेवढा कार्बन डायऑक्साइड तेवढंच अल्कोहोल तयार होतं. लिटरला ४ ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा टक्का. तेव्हा अल्कोहोल होतं, पण नशा येईल इतकं नव्हे. मात्र बाटली आठवडाभर उबेत राहिली तर ते वाढतं, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं.

बहिष्काराचं मूळ खरं तर नावात आहे. हायर्सच्या मनात 'हर्ब टी' असं काहीतरी होतं. त्याचे मित्र रसेल कॉनवेल (टेंपल विद्यापीठाचे संस्थापक) म्हणाले की पेनसिल्व्हेनियाचे खाणकामगार चहाला हात लावणार नाहीत, बिअर म्हटलं तर पितील. सल्ला विक्रीला फळला. हायर्स स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा आणि दारूच्या विरोधातला, त्यामुळे जाहिरातही 'संयमी लोकांचं पेय' म्हणूनच चालली. पण १८९५ मध्ये ख्रिस्ती महिलांच्या दारूबंदी संघाने 'बिअर' या शब्दावर बोट ठेवून बहिष्कार पुकारला. तीन वर्षं तो चालला. १८९८ मध्ये स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासणी केली आणि एका बाटलीत ब्रेडच्या अर्ध्या लादीइतकंच अल्कोहोल असल्याचं सांगितलं. हायर्सने हा निष्कर्ष जाहिरातीत छापला आणि संघाने बहिष्कार मागे घेतला. माझ्या मते त्याने ही तपासणी पहिल्याच वर्षी करून घ्यायला हवी होती. रोज जाहिरात देणाऱ्या माणसाकडे उत्तर द्यायला जागा तयारच होती.

अनुजा_क
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलतानी मातीचा प्रसंग अगदी सुरुवातीलाच घेते. आणखी एक: एवढं सगळं आधी करूनही हायर्स कोका-कोलाच्या मागे का पडला? आणि आपल्याकडे घरी ही चव करून बघता येईल का?

जुना_फलक
कोका-कोला आली १८८६ मध्ये, हायर्सच्या रूट बिअरनंतर दहा वर्षांनी. हायर्सने तयार बाटल्या १८९३ मध्ये आणल्या, म्हणजे बाटलीतही तो मागे नव्हता. फरक पडला तो १८९९ मध्ये. चॅटनूगाच्या बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड या वकिलांनी एका डॉलरच्या करारावर कोका-कोला बाटलीत भरायचे हक्क घेतले, मग गावोगाव स्थानिक भांडवलावर कारखाने निघाले. कंपनीने फक्त सिरप पुरवायचं. भार दुसऱ्यावर टाकायची हीच युक्ती हायर्सने घरगुती पुडीत वापरली होती, पण त्याचा भार गृहिणीच्या स्वयंपाकघरावर होता. आयती थंड बाटली कोपऱ्यावर मिळायला लागल्यावर १९ लिटरचा घाट कोण घालणार? शिवाय त्याच वर्षी हायर्स आटवलेल्या दुधाच्या धंद्यातही उतरला. तो व्यवसाय त्याने १९१८ मध्ये नेस्लेला विकला.

फसफस
घरी करायचं तर जुन्या रूट बिअरमधल्या सॅसाफ्रास या अमेरिकी झाडाची साल किंवा तेल अजिबात वापरू नका. त्यातल्या सॅफ्रोल या घटकावर अमेरिकेत १९६० मध्येच खाद्यपदार्थांसाठी बंदी आली. आपल्याकडे त्याला जवळची मुळी म्हणजे उपळसरी, अर्थात अनंतमूळ. अमेरिकी सार्सापरिला या मुळीपेक्षा वनस्पती वेगळी, पण हिच्या वासाचा मुख्य घटक व्हॅनिलिनचा, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाच्या घटकाचा, सख्खा भाऊ असल्याने चव छान जमते. २ लिटर पाण्यात २० ग्रॅम मुळी आणि आल्याचा छोटा तुकडा २० मिनिटं उकळा, गाळा, १८० ग्रॅम साखर घाला, पूर्ण कोमट होऊ द्या, मग चिमूटभर कोरडं यीस्ट. काचेची नको, सोड्याची प्लॅस्टिक बाटली घ्या आणि वर चार बोटं जागा सोडा. दर काही तासांनी दाबून बघा. बाटली न उघडलेल्या सोड्यासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये. मे महिन्यात बारा तासांतही होतं, थंडीत दोन दिवस लागतात.

सरोज_रसायन
रूट बिअरचा तो मलमासारखा वास विंटरग्रीनचा, आपल्याकडच्या गंधपुरा तेलाचा. पण बाजारातलं ते तेल थेंबभरही घालू नका. त्याच्या एका चमच्यात जवळपास ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. तो वास हवाच असेल तर खाद्य वापरासाठीचा तयार रूट बिअर इसेन्स घ्या आणि बाटलीवर दिलेलं मापच पाळा.