अनुभवी माणूसच छत ठोकायचं का टाळतो?

टोपीदिवा:
भूमिगत खाणीत छत सैल झालंय का ते ठोकून पाहायचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. नवखे तो पाळतातही. वीस-वीस वर्षं खाली काढलेली माणसं मात्र पाळी संपत आली की वर एक नजर टाकून पुढे सरकतात. दंड, नोटीस, फलक यांचा परिणाम दोन दिवस टिकतो. माणसाचा स्वभाव आपल्या पद्धतीतून नेमका कुठे निसटतो? कामाच्या रचनेत काय बदलावं, ते सांगा.

पहारवाला:
नियम असा: बोल्ट मारून पक्क्या केलेल्या छताखाली उभं राहून पुढचं छत पहारीने ठोकायचं, चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला थर भद्द वाजतो. छत हाताला लागत असेल तर दुसऱ्या हाताची बोटं टेकवून ठोका द्यायचा, कानाला न कळलेला कंप बोटांना कळतो. दगड पाडताना पहार तिरकी धरून बाजूला उभं राहायचं. उभी धरली की दगड पहारीवरून घसरत थेट हातावर येतो. आणि मागची वाट आधीच मोकळी हवी.

आता यातलं काय जमत नाही ते पाहा. यंत्र आणि पंखा चालू, कानात बोळे, मग भद्द आवाज ऐकू यायचा कसा? यंत्र थांबवावं तर तो वेळ टोळीच्या उत्पादनातून कापला जातो. पहार एकच, तीही दोन गल्ल्या मागे. आखूड असली तर उंच छत ठोकायला माणसाला नेमकं धोक्याखालीच जावं लागतं. त्यात शंभरदा टाळलं आणि काही पडलं नाही, की तो अनुभवच टाळायला शिकवतो. त्याला बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. प्रत्येक फेसवर, म्हणजे जिथे खोदकाम चालू आहे त्या टोकाला, पुरेशा लांबीची पहार ठेवा, ठोकायची 10 मिनिटं उत्पादनाच्या हिशेबाबाहेर धरा. शिवाय नव्याने उघडं पडलेलं छत काही तासांनी सैल होऊ शकतं, म्हणून पाळीच्या सुरुवातीची तपासणी शेवटपर्यंत पुरत नाही.

श्वासपेटी:
सेल्फ-रेस्क्यूअरचंही तेच, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडताना तोंडात धरायच्या श्वासाच्या पेटीचं. रासायनिक प्रकारात पोटॅशियम सुपरऑक्साइड असतं. उच्छ्वासातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होऊन ऑक्सिजन सुटतो. त्यात डबा तापतो, हवा गरम आणि कोरडी लागते. माणसाला वाटतं, हा बिघडला. तो तोंडातून काढतो, किंवा साथीदाराला हाक मारायला काढतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणून वर्गात रिकामी पेटी दाखवून भागत नाही. गरम हवा आणि श्वासाला अडथळा देणारं सरावाचं मॉडेल तोंडात द्या, अंधारात चालवा, हातखुणा ठरवा. आणि धावायचं नाही: धाप लागली की पेटीवर लिहिलेली मिनिटं भराभर संपतात.

गल्लीनकाशा:
प्रश्नाच्या जरा कडेचं, पण सांगायलाच हवं. जानेवारी 2006 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या सागो कोळसा खाणीत स्फोटानंतर 13 जण अडकले. 12 जिवंत आहेत, असं नातेवाइकांपर्यंत पोचलं. सुमारे तीन तासांनी कळलं की 12 गेले, एकच वाचला. मुखवटे घातलेल्या बचावपथकाचा निरोप टप्प्याटप्प्याने वर येताना बदलला होता. तेव्हा निरोप घेणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा, नातेवाइकांशी एकाच नेमलेल्या माणसाने बोलायचं, आणि ठरल्या वेळी बोलायचंच, नवीन काही नसलं तरी. ताटकळणाऱ्याला शांततेचा त्रास सगळ्यात जास्त होतो. खाली कोण आहे हे बिल्ल्यांच्या फळ्यावरून कळलं पाहिजे, आणि बिल्ला ज्याचा त्याने स्वतःच अडकवायचा.

टोपीदिवा:
पहार आणि हिशेबाबाहेरचा वेळ, दोन्ही पटलं. रात्रपाळीला वेगळं काही?

पहारवाला:
हो. पहाटे 3 ते 5 मध्ये शरीर सगळ्यात मंद असतं. तेव्हा दोघांनी मिळून तपासा: एक ठोकेल, दुसरा मागून ऐकेल आणि छताकडे पाहील, मग अदलाबदल. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशाच क्रमाने फिरवा, उलट नको. पाळीबदल वर ऑफिसात उरकू नका, फेसवरच करा. जाणाऱ्याने भद्द वाजलेल्या जागांवर रंगाने खूण करायची, येणाऱ्याने पहिला ठोका तिथेच द्यायचा.