दोघांचीच, तीन दिवसांची युरोप सहल: ठरवलेली एक आणि झालेली भलतीच

मीठभाकर
गणपती तोंडावर आले म्हणून काल मखराचा खोका शोधायला केलरमध्ये गेले (म्युनिकात तळघराला आम्ही मराठी लोकंपण केलरच म्हणतो), खोका नाही मिळाला पण जुन्या सुटकेसच्या बाहेरच्या कप्प्यातून भडक केशरी प्लॅस्टिकचे बूट निघाले. बूट कसले, चपलेवरून चढवून गुडघ्याशी बांधायच्या पिशव्या. लेक म्हणे हे काय, म्हटलं तुझ्या बाबांनी मला लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला घेतलेली भेट.

तर नोव्हेंबर २०१९, व्हेनिस. आमचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर उरकलेलं, त्यामुळे वाढदिवस कायम नोव्हेंबरात, म्हणजे इकडे धुकं, पाऊस आणि पाचच्या आत अंधार. आई पुण्याहून आलेली, लेक तिच्याकडे, दहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच. मी महिनाभर एक्सेल शीट करत होते, कुठला पूल कधी, सूर्यास्त कुठून, कॉफी कुठे. म्युनिकहून थेट गाडी आहे, ब्रेनर घाटातून साडेसहा-सात तास, तीही खिडकीची सीट बघून. सान मार्कोपासून पाच मिनिटांवर हॉटेल इतकं स्वस्त मिळालं की नवरा म्हणाला, काहीतरी लोचा आहे. मी म्हटलं ऑफ सीझन आहे, तू गप बस. लोचा असा की सान मार्को हा गावातला सगळ्यात खोलगट भागांपैकी एक, आणि आमची खोली तळमजल्यावर.

१२ तारखेला रात्री भोंगे वाजले. व्हेनिसात पाणी किती येणार ते भोंग्याच्या सुरांवरून कळतं, सूर जितके जास्त तितकं पाणी जास्त. हे आम्हाला कोण सांगणार, आम्हाला वाटलं काहीतरी सण आहे. रिआल्टोजवळ जेवून परत येताना एका विक्रेत्याकडून ते केशरी बूट घेतले आणि दहा मिनिटांत बुटांच्या वरून पाणी आत. त्या रात्री पाणी समुद्रसपाटीपासून १८७ सेंटीमीटरपर्यंत चढलं, १९६६च्या पुरानंतरचं सगळ्यात जास्त, अंदाज त्याहून बराच कमी होता. खोलीत पलंगाच्या गादीपर्यंत पाणी, लाईट गेलेले. हॉटेलातले सगळे पाहुणे जिन्यावर, एकेका पायरीवर एकेक जोडपं. आमच्याकडे दिवाळीतला उरलेला सादळलेला चिवडा होता तो पायरीपायरीने वर गेला.

आणि तिथे अंधारात नवऱ्याने मला सांगितलं की त्याला नोकरी सोडायचीय, दीड वर्षापासून. मला पत्ताच नाही. घरी आम्ही बोलतो की, पण कायम काहीतरी चालू असतं, मशीन, डिशवॉशर, लेकीचा अभ्यास. तिथे काहीच चालू नव्हतं. गोंडोला वगैरे राहिलीच, पाणी इतकं चढल्यावर ती पुलाखालून जाऊ शकत नाही.

तुमचं सांगा. कुठे गेलात, काय ठरवलं होतं आणि काय झालं.

खुटखुट्या
पहिला मी!! वाचतोय. चिवडा पातळ पोह्यांचा का भाजक्या?

मीठभाकर
पातळ. आईच्या हातचा.

पानशेतकर
आता ते पाणी अडवायला मोझे बसवलंय. तळ्याच्या (लगून) तीन तोंडांवर मिळून ७८ दरवाजे, एरवी समुद्राच्या तळाशी आडवे पडलेले असतात, हवा भरली की वर येतात. ३ ऑक्टोबर २०२०ला पहिल्यांदा खऱ्या भरतीत वापरले. तुम्ही अकरा महिने लवकर गेलात. बाय द वे ते चालायला फळ्या टाकतात ना, त्यासुद्धा पाणी १२० सेंटीमीटरच्या वर गेलं की टाकत नाहीत, तरंगायला लागतात.

मीठभाकर
अहो अकरा महिन्यांनी कोव्हिड होता!

दहीपोहे
आमचं प्राग. मार्चचा शेवटचा रविवार. चार्ल्स ब्रिजवर दिवसा मुंगी शिरायला जागा नसते म्हणून मी ठरवलेलं की सूर्योदयाला जायचं, पूल रिकामा, मागे किल्ला, फोटो. आता त्याच रात्री युरोपात घड्याळं तासाने पुढे जातात. मोबाईल आपोआप पुढे गेला आणि आमच्या ह्यांनी झोपताना अलार्म वरून अजून एक तास अलीकडे घेतलेला, "सेफ साईड". पाचला पुलावर. मिट्ट काळोख, शून्याच्या आसपास थंडी, तीस पुतळे, आम्ही दोघं आणि बॅचलर पार्टीला आलेली चार इंग्लिश पोरं, त्यातल्या एकाने परीचे पंख लावलेले. दोन तास एकमेकांशी बोललो नाही. मग उजाडलं आणि ते पंखवाल्याने आमचा फोटो काढून दिला, तोच आमचा आजवरचा बेस्ट फोटो आहे, अजून हॉलमध्ये आहे.
टीप: तिथे युरो नाही कोरुना चालते, रस्त्यावर नोटा बदलून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

खुटखुट्या
सेफ साईड 🤣🤣 माझा बाप हेच करतो, शिवनेरी पकडायला तीन तास आधी

शेंगोळे
तुमची नशीबं. आमच्या "दोघांच्या" ब्रूज ट्रिपला सहा जणं होतो. मी नवऱ्याला म्हटलं फक्त आपण, तो हो म्हणाला, मग साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) भारतातून आलेलेच आहेत तर त्यांना एकटं कसं ठेवायचं, मग नणंद म्हणाली मी पण लंडनहून येते, तिचा नवरा आलाच. ब्रुसेल्सहून तासाभराची ट्रेन. तिथे मिनेवाटर म्हणून तळं आहे, प्रेमाचं तळं म्हणतात, हंस वगैरे, तिथे आम्ही दोघं बाकावर बसलो आणि मधे साबु येऊन बसले, पाय दुखतात म्हणून. 🙏
पण साबा! बेलफ्रीचा मनोरा आहे ३६६ पायऱ्यांचा, वरवर अरुंद होत जातो, दोराला धरून चढायचं. आम्ही सगळे धापा टाकतोय आणि त्या साडी खोचून सगळ्यांच्या आधी वर. म्हणे पर्वतीला १०३च आहेत पण मी रोज दोनदा चढते. खाली उतरून त्यांनी चॉकलेटवाल्याशी मराठीत घासाघीस केली.

दहीपोहे
साबांना साष्टांग _/\_

लिंबलोण
विषयांतर करते पण विचारायचंय, आम्ही पुण्यातून फेब्रुवारीत पॅरिस ठरवतोय, चारच दिवस सुट्टी आहे, लग्नाला पाच वर्षं होतील. जावं का? व्हिसाचं डोकं उठलंय.

पानशेतकर
विषयांतर काय, हाच विषय आहे. व्हिसा फीच माणशी ९० युरो (जून २०२४पासून, आधी ८० होती), वर अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज, विमा किमान ३० हजार युरो कव्हरचा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. एवढं करून चार दिवस म्हणजे दोन दिवस विमानात. जमवता आलं तर आठ करा आणि एकच शहर घ्या, फार तर दोन. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद, ऑर्से म्युझियम सोमवारी, तेवढं बघून वार ठरवा. अंधार पडल्यावर दर तासाला आयफेल पाच मिनिटं लुकलुकतो, त्याला तिकीट नाही, समोर त्रोकादेरोला उभं राहायचं.

गवतीचहा
आणि स्वस्त विमान बघून "पॅरिस" लिहिलंय म्हणून तिकीट काढू नका. आम्ही पोलंडहून असंच बुक केलं, उतरलो बोव्हेला, पॅरिसहून ८५ किमी!! रात्रीची बस, पोचेपर्यंत बायको झोपली होती आणि मी तिच्या डोक्याखाली खांदा देऊन सव्वा तास हललो नाही. ते रोमँटिक धरायचं का?

शेंगोळे
धरायचं.

खुटखुट्या
खांद्याला विचारा

कारळ्याची_चटणी
कोणी व्हेज असेल तर सांगा हॉटेलात काय खाता? मी मेतकूट आणि इन्स्टंट भात नेते, किटलीत पाणी उकळून. नवरा म्हणतो रोमँटिक डिनरला मेतकूट-भात खाणारी तू एकटीच.

दहीपोहे
किटलीत काय काय उकळतात लोकं ते वाचलंयस का? मी स्वतःची छोटी नेते.

कारळ्याची_चटणी
ईईई नको सांगूस. मेतकूट कोणाकडचं चांगलं? घरी करायचं तर डाळीचं प्रमाण काय घेता?

दहीपोहे
विपू (विचारपूस) करते, तिकडे लिहिते.

हरिपूरचा_म्हातारा
मोबाईलवर टंकतोय, चुका सांभाळून घ्या. १९९८ साली कंपनीच्या कामाने व्हिएन्नाला होतो, सौ. आठ दिवसांसाठी आली होती. तेव्हा शिलिंग होते, युरो नंतर आला. ऑपेराची तिकिटं आपल्या खिशातली नव्हेत, पण तिथे उभ्याने बघायची तिकिटं अगदी स्वस्त मिळतात, अजूनही असतात. रांगेत दोन तास, मग आत गेल्यावर पुढच्या दांडीला आपला रुमाल बांधून ठेवायचा की जागा आपली, कोणी हात लावत नाही. हिने गुलाबी काठाचा रुमाल बांधला. मला ऑपेरातलं ओ की ठो कळलं नाही. हिला शास्त्रीयचा कान होता, मिरजेचं माहेर, ती तीन तास हललीसुद्धा नाही, मी मधल्या सुट्टीत पाय मोकळे करायला गेलो. परत निघताना रुमाल दांडीलाच राहिला, ट्राममध्ये लक्षात आलं. परत जायचं म्हणाली, मी म्हटलं उशीर झालाय.
जाऊन चार वर्षं झाली तिला. जायला हवं होतं परत.

शेंगोळे
काका 🙏

मीठभाकर
काका, लिहिलंत बरं केलंत.

पानशेतकर
मिरजेच्या कुठल्या? माझं आजोळ ब्राह्मणपुरीत.

हरिपूरचा_म्हातारा
किल्ला भाग. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने गाणं होतं तिथे लहानपणापासून बसायची.

गवतीचहा
आमच्याकडे युरोप-बिरोप हनीमूनला नव्हतं परवडत, माथेरानला गेलो, माकडाने पर्स पळवली. तिकडे व्हेरोनाला ज्युलिएटची बाल्कनी बघायला गेलो होतो आता दोन वर्षांपूर्वी, तर ती बाल्कनीच मुळात विसाव्या शतकात बसवलेली. बायको म्हणाली माकड तरी खरं होतं.

खुटखुट्या
वहिनींना आयडी काढून द्या

लिंबलोण
पानशेतकर धन्यवाद, आठ दिवस नाही मिळणार बहुतेक, ऑफिसात रडारड आहे. बघू. मीठभाकर, मग तुमच्या मिस्टरांनी नोकरी सोडली का?

मीठभाकर
सोडली ना. जानेवारीत राजीनामा, शेवटचा दिवस ३१ मार्च २०२०. आठवतंय ना काय चालू होतं तेव्हा. पुढचे सात महिने तो घरात, मी घरात, लेक घरात, आई अडकलेली. आता शाळेत शिकवतो, गणित. पगार कमी, घोरणं पण कमी.

शेंगोळे
आणि मखर मिळालं का?

मीठभाकर
नाही गं. बूट मात्र धुऊन वाळत घातलेत, एक फाटलाय.