मदत हवी आहे: प्रभुभोजनापासून दूर राहणाऱ्या भगिनीला काय सांगावे?

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. मी आमच्या रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रॉटेस्टंट) मंडळीत वडील, म्हणजे मंडळीची देखरेख करणारा सेवक, म्हणून सेवा करतो. आमच्या एक भगिनी उपासनेला नेमाने येतात, वचन मन लावून ऐकतात, पण बऱ्याच काळापासून प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या मरणाच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घेत नाहीत. "मी अपात्र आहे, माझी निवड झाली आहे की नाही तेच कळत नाही," एवढेच म्हणतात; निवड म्हणजे देवाने तारणासाठी केलेली निवड. पहिले करिंथ 11:28 मधली प्रभुभोजनाआधी आत्मपरीक्षा करण्याची आज्ञा त्यांच्या मनात भीती होऊन बसली आहे.

1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीतला (रिफॉर्म्ड मंडळ्यांचे विश्वासाचे शिक्षण प्रश्नोत्तरांत देणारे पुस्तक) 81 वा प्रश्न मी त्यांच्याबरोबर वाचला. मेजाशी, म्हणजे प्रभुभोजनाला, कोणी यावे? ज्यांना आपल्या पापांचा वीट आला आहे, तरी ख्रिस्तामुळे क्षमा मिळाली असा ज्यांचा भरवसा आहे, आणि ज्यांना विश्वासात वाढायची तळमळ आहे त्यांनी. पहिली आणि शेवटची गोष्ट त्यांच्यात आहे, हे मला स्पष्ट दिसते. अडते ते मधल्या भरवशापाशी. डॉर्ट येथील रिफॉर्म्ड धर्मसभेच्या सिद्धांतांत (1618-19) अशाच खचलेल्यांना धीर दिला आहे: देव मिणमिणती वात विझवत नाही, चेपलेला बोरू मोडत नाही. हे ऐकून त्या रडल्या, पण पुढच्या वेळीही मेजापासून दूरच राहिल्या.

आग्रह करावा असे मला वाटत नाही, आणि गप्प राहणेही बरे वाटत नाही, कारण प्रभुभोजन दुबळ्या विश्वासाला बळ देण्यासाठीच आहे. पाळकांनी, वडिलांनी किंवा स्वतः या अवस्थेतून गेलेल्यांनी कृपया सांगावे: कोणते शास्त्रभाग बरोबर वाचावेत? आणि बोलावे किती, नुसते सोबत बसावे किती?