झोपण्याच्या जागेपासून सुरुवात करा

शिकागोपासून तीन तासांत, लहान मुलांना घेऊन पहिलंच तंबू कॅम्पिंग, आणि डेव्हिल्स लेक कसं वाटतं, असं तुम्ही विचारलंय. तलाव आणि कडे सुंदर आहेत, वाद नाही. पण विस्कॉन्सिनमधलं ते सर्वाधिक गर्दीचं राज्य उद्यान आहे आणि तलावाच्या काठाने मालगाड्यांचा रूळ जातो. आमचा धाकटा गाडीच्या आवाजाने दचकून उठला तो पहाटेपर्यंत झोपलाच नाही. तेव्हापासून मी आधी झोपायची जागा पाहते, मग देखावा.

माझं मत विस्कॉन्सिनमधल्याच, डॉजव्हिलजवळच्या गव्हर्नर डॉज राज्य उद्यानाला. दोन तलाव, पाच हजार एकरांहून मोठं रान. आरक्षण अकरा महिने आधी उघडतं. विजेची जोडणी असलेली जागा घेऊ नका, शेजारी मोठ्या आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या, येतात. नकाशात सखल कोपरा टाळा. जुलैतली वादळं तासाभरात तंबूखाली तळं करतात. विजा सुरू झाल्या की तंबूत थांबू नका, गाडीत बसा. टॉर्नेडोचा, म्हणजे भोवऱ्यासारख्या वादळाचा, इशारा आला तर मात्र गाडीही नको, पक्क्या इमारतीत जा. ती कुठे आहे हे पोचल्याबरोबर पाहून ठेवा.

लाकडं घरून नेऊ नका. ॲशची झाडं पोखरणारा किडा त्यातून पसरतो, म्हणून दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणित लाकडंच चालतात. आणि रोज संध्याकाळी मुलांच्या कानांमागे, गुडघ्यांमागे गोचीड तपासा.