देवाचा कोप, देवाची शिक्षा की सत्त्वपरीक्षा?

पणजीकर :
१ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनला झालेल्या भूकंपावरील एक पोर्तुगीज लेख मी मराठीत आणत आहे. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता. सकाळी लोक प्रार्थनेला जमलेले असताना चर्चची छपरे त्यांच्यावर कोसळली, मागोमाग समुद्र शहरात शिरला आणि उरलेसुरले आगीत गेले. जेझुइट धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी पुढच्याच वर्षी पुस्तिका काढून सांगितले की या अनर्थाचे कारण निसर्गात नसून लिस्बनकरांच्या पापात आहे. लेखात त्यासाठी ‘काश्तिगू’ हा शब्द वारंवार येतो. मी ‘देवाचा कोप’ असे लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या स्नेह्यांनी ते खोडून ‘देवाने केलेली शिक्षा’ असे केले. जाणकारांनी मत द्यावे.

साखळीकर :
आपल्या स्नेह्यांचे म्हणणे मला पटते. कोपाला कारण लागतेच असे नाही. दुर्वास कोपतात तेव्हा समोरच्याचा अपराध किती, हे कोणी मोजत नाही. शिक्षा म्हटली की अपराध आला, निवाडा आला आणि निवाडा देणाराही आला. मालाग्रिदा निवाडाच सांगत होते, तेव्हा शिक्षाच हवी. ‘शिक्षा’चा मूळ अर्थ शिकवणे असा आहे आणि उच्चारशास्त्राच्या वेदांगालाही तेच नाव आहे, हे ध्यानात घेतले तर हा शब्द अधिकच चपखल ठरतो, कारण असे प्रवचनकार दंडातून धडा मिळतो असेच सांगत असतात. मात्र कृपा करून ‘प्रकोप’ लिहू नये. तो आयुर्वेदातला शब्द आहे, वातपित्तकफ बिघडून उसळतात त्या अवस्थेचा. वर्तमानपत्रांनी तो उन्हापासून डेंग्यूपर्यंत सगळीकडे लावून त्याची धार घालवली आहे.

मडगावकर :
कोकणीत आम्ही ‘ख्यास्त’ म्हणतो. हा शब्द काश्तिगूवरूनच आला असावा असे माझे मत आहे, आणि तसे असेल तर मूळ शब्द आपल्या दारात असताना संस्कृतकडे कशाला जायचे? गोव्याच्या मराठीत ‘देवाची ख्यास्त’ लिहिले तर इथल्या वाचकाला ते लगेच भिडेल.

साखळीकर :
नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही, आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला ‘ख्यास्त’ कळणारही नाही. अनुवाद केवळ गोव्यासाठी होत नसतो.

फोंडेकर :
साखळीकर सर, आपला मुद्दा व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण माणसे हे शब्द वापरतात कसे, तेही पाहायला हवे. आमच्या गावातली गोष्ट सांगते. एका कष्टकऱ्याचा तरुण मुलगा तापाने गेला, तेव्हा देवाला प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल मागितला. पुजाऱ्याने पिटकोळीच्या कळ्या ओल्या करून मूर्तीच्या अंगावर एकेक चिकटवल्या आणि सगळे त्यांच्याकडे डोळे लावून बसले. डावीकडची कळी आधी पडली. कोणी काही विचारण्याच्या आतच देवस्थानच्या एका महाजनांनी सांगून टाकले, “घरात देवाचे काहीतरी राहिले आहे, त्याचीच ही शिक्षा.” त्या कुटुंबाने कर्ज काढून नवस फेडला. पुढच्या पावसाळ्यात त्याच महाजनांच्या घराची भिंत कोसळून त्यांचा भाऊ जायबंदी झाला, तेव्हा ना प्रसाद लागला, ना गाऱ्हाणे झाले, सगळ्या वाड्यावर एकच वाक्य फिरले, “देव भल्या माणसाचेच सत्त्व पाहतो.” तोच देव, तेच गाव, आणि पाऊण वर्षाच्या आत शिक्षेची सत्त्वपरीक्षा झाली. त्या माउलीला पोर गेल्याचे दुःख तर होतेच, पण आपल्याच हातून काहीतरी चुकले असे तिच्या मनात जे भरवले गेले ते तिने मरेपर्यंत उराशी धरले. म्हणून मला वाटते, कोप की शिक्षा यापेक्षा तो शब्द कोण कोणाला लावतो, हे मोठे आहे.

साखळीकर :
बाई, आपण सांगितलेला अन्याय मला मान्य आहे. परंतु तो माणसांचा दोष आहे, शब्दाचा नव्हे. सत्त्वपरीक्षा ही हरिश्चंद्राची, चिलयाबाळाला उखळात घालणाऱ्या चांगुणेची. ज्याच्यावर वेळ आली त्यानेच तिला परीक्षा मानावे, हा त्या कथांचा गाभा आहे. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी “बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली” असे म्हटले ते स्वतःविषयी म्हटले, शेजारच्या उपाशी घराकडे बोट दाखवून नव्हे.

फोंडेकर :
हाच तर माझा मुद्दा आहे.

डिचोलीकर :
मी वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. करारात आणि विम्यात ‘दैवी आपत्ती’ हा शब्दप्रयोग येतो आणि त्याचा उपयोग कोणाचाही दोष नाही हे सांगण्यासाठी होतो. प्रवचनात मात्र ती आपत्ती दैवी म्हटली की दोषी शोधण्याची घाई सुरू होते. एकच विशेषण कोर्टात माणसाला सोडवते आणि देवळात त्याला अडकवते. आपल्या जुन्या कागदपत्रांतली ‘अस्मानी-सुलतानी’ ही जोडी मला या सगळ्यांपेक्षा शहाणी वाटते. पाऊस आला नाही ती अस्मानी, सरकारने आणि सैन्याने नाडले ती सुलतानी. अस्मानीत पीडित रयतेचे पाप काढायला जागाच नाही आणि सुलतानीत जबाबदार कोण ते उघड आहे. आमच्या तालुक्यात खनिजाच्या मातीने शेते भरली, विहिरी आटल्या, आणि तरीही ‘देवाची मर्जी’ म्हणणारे भेटले. त्यांपैकी काहींच्या स्वतःच्या ट्रकांतूनच खनिज जात होते.

पणजीकर :
अस्मानी-सुलतानी लिस्बनलाही लागू पडते. पोर्तुगालचे प्रमुख मंत्री पोंबाल यांनी गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली : धक्का किती वेळ टिकला, समुद्र आधी ओसरला की चढला, जमिनीला भेगा पडल्या का, माणसे किती गेली. त्या प्रश्नांचा रोख कोणाच्या पापाकडे नव्हता. दुसरीकडे युरोपभर निवाडे चालूच होते. कॅथलिक प्रवचनकार म्हणत, पाखंड्यांना थारा दिला म्हणून देव कोपला. प्रोटेस्टंट म्हणत, इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांचा शोध घेऊन त्यांना शिक्षा करणारे कॅथलिक चर्चचे न्यायालय, चालवले म्हणून कोपला. आणि १७६१ मध्ये त्याच इन्क्विझिशनने मालाग्रिदांना पाखंडी ठरवले व त्यांना मारून त्यांचा देह जाळण्यात आला.

काणकोणकर :
आपण लिस्बनकडे बोट दाखवतो, पण जुने गोवे या पोर्तुगीजांच्या जुन्या राजधानीविषयी आपल्याच घरांत काय बोलले जाते? देवळे मोडली म्हणून ते शहर ओस पडले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. इन्क्विझिशन १५६० पासून होते आणि त्याने केलेले अत्याचार मी कधीही हलके मानणार नाही. पण शहर ओस पडले ते पटकी आणि हिवतापाच्या साथींनी, आणि त्या साथींनी आंघोळीपांघोळीने राहणाऱ्या हिंदू कारागिरालाही सोडले नाही. त्याला कोणत्या देवळाची शिक्षा झाली? आपल्या पूर्वजांवरच्या अन्यायाचा हिशेब साथीच्या रोगाने चुकता केला असे म्हणणे म्हणजे मालाग्रिदांचीच पुस्तिका मराठीत वाचणे आहे.

साखळीकर :
काणकोणकरांशी मी सहमत आहे, तरी एक अडचण मांडतो. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाचे दैवी शासन म्हटले आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. गांधीजी स्वतःला त्या पापातून वगळत नव्हते, त्यामुळे त्यांना दांभिक म्हणता येत नाही. मग सगळेच निवाडे सारखे कसे?

डिचोलीकर :
रवींद्रनाथांचे उत्तर तिथेच लागू होते : हेच तर्कट विरोधकांनाही गांधीजींवर उलटवता आले असते. हेतू शुद्ध असला तरी ढिगाऱ्याखाली सापडलेल्या दलित मुलाला अस्पृश्यतेची शिक्षा झाली, असा त्याचा अर्थ निघतोच.

मडगावकर :
मूळ प्रश्न राहिलाच आहे. आपण येथे ‘शासन’ हा आणखी एक शब्द आणला, आणि आता तर मला ‘ख्यास्त’च अधिक प्रामाणिक वाटते.

पणजीकर :
तूर्त मी मालाग्रिदांच्या तोंडी ‘शिक्षा’ ठेवतो आणि लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात ‘अनर्थ’ लिहितो, म्हणजे निवाडा ज्याचा त्याच्याकडेच राहील.

साखळीकर :
‘अनर्थ’ला माझी हरकत आहे. त्यात अर्थच नाही असे सुचते, आणि भाविक वाचकाला ते मान्य होणार नाही.

फोंडेकर :
सर, ज्या घरात मूल गेले त्या घरातल्या भाविक बाईला विचारून पाहा. शिक्षेपेक्षा तिला अनर्थच चालेल.