कार्ड आधी की एसएमपीएस आधी?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमची झोप उडते. फोर-के टाइमलाइनवर जुनं ग्राफिक्स कार्ड, जीटीएक्स 1050 टीआय, हात टेकतं, म्हणून मिरजेच्या मित्राकडून त्याचं वापरलेलं आरटीएक्स 3060 घेतलं, 12 जीबी मेमरीवालं. त्याला 8 पिनची वायर लागते आणि माझ्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला, ती नाहीच. दुकानात विचारलं तर काउंटरवरचे काका म्हणाले, "साडेचारशेचा हाय न्हवं? पळतंय की. शंभरचा कन्व्हर्टर घे आन् लाव."

घरी येऊन स्टिकर वाचलं. वर ठळक 450 वॅट. खाली मुंगीच्या अक्षरात 12 व्होल्टला 16 अँपिअर. म्हणजे 192 वॅट! बाकीचे वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या नावावर, जिथे आता फारसं कुणी जेवायला बसत नाही. कार्ड आणि प्रोसेसर दोघांचं पान 12 वरच. कार्ड 170, माझा प्रोसेसर रायझन 5600 पूर्ण ताणला तर 76. झाले 246, आणि पंखे, डिस्क अजून पंगतीत यायच्यात. जुनं कार्ड 75 वॅटमध्ये, मदरबोर्डच्या स्लॉटवरच भागवत होतं, म्हणून आजवर निभावलं.

माझं मत: एसएमपीएस बदलल्याशिवाय कार्ड खोक्याबाहेर काढायचं नाही. पटतंय का?

पेठेतला मेकॅनिक
हिशोब बरोबर, निष्कर्ष घाईचा. पंधरा वर्षं मशिनं उघडतोय. एडिटिंगला कार्ड आणि प्रोसेसर एकाच वेळी शंभर टक्के ताणलेत असं क्वचित होतं. कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, सॉफ्टवेअरमधून 75 टक्क्यांवर आणा, रेंडरला थोडा उशीर होईल, बाकी काही नाही. सीझनचे पैसे आले की घ्या एसएमपीएस. गिऱ्हाईकाला आधीच घाबरवून महागडा डबा गळ्यात मारणं मला जमत नाही.

वारणेची लेक
दादा, सरासरीचा हिशोब इथे चालत नाही. कार्ड क्षणभरासाठी छापील आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरच्या आकड्यात दिसतही नाही. 2022 मध्ये आलेल्या एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकात तर स्पष्ट अट आहे की एसएमपीएसने 100 मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार सोसला पाहिजे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा तो सोसणार? आणि त्या कन्व्हर्टरचं तर नावच काढू नका. तो वीज घेतो हार्ड डिस्कच्या साटाच्या कनेक्टरवरून. त्याला 12 व्होल्टवर 54 वॅटची मर्यादा, 8 पिनमधून कार्ड 150 मागू शकतं. प्लॅस्टिक वितळल्याचा वास एकदा घेतलाय, पुरे.

पेठेतला मेकॅनिक
कन्व्हर्टरच्या बाजूने मी कुठे बोललो, ताई? तो मीही लावत नाही.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून. एकदम 850 वॅटचा, 80 प्लस गोल्ड स्टिकरवाला एसएमपीएस घ्या आणि दहा वर्षं विसरा.

वारणेची लेक
246 वॅटच्या मशिनला 850? बुलेट घेऊन कोपऱ्यावर दूध आणायला जाण्यासारखं झालं. आणि गोल्ड म्हणजे दर्जा नव्हे. 80 प्लसचं स्टिकर एवढंच सांगतं की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही. आतले कॅपॅसिटर कसले, शॉर्ट झाल्यावर वेळेत बंद पडतो का, यातलं काही त्यावरून कळत नाही. नीट चाचणी झालेला 550 किंवा 650 ब्रॉन्झ पुरे. 3060 ला कंपनी स्वतः 550 च सुचवते.

पेठेतला मेकॅनिक
कंपनी 115 वॅटच्या 4060 लासुद्धा 550 च सुचवते, हे पण सांगा की! स्वस्तातला डबा गृहीत धरून ते आकडा फुगवतात. माझं ऐकाल तर 3060 परत द्या, 4060 घ्या. 55 वॅट वाचले.

कृष्णाकाठ
4060 ला 8 जीबीच मेमरी. नॉइज रिडक्शन टाकलं की 8 जीबी भरतात आणि रिझॉल्व्ह, माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, बसतं रुसून. कार्ड हेच राहणार.

अजिंक्यतारा
मग एक अनुभव घ्या. मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींचा एसएमपीएस घेतलात तर जुन्या वायरी फेकून द्या. कनेक्टर तसाच दिसतो, पण डब्याकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. मी नव्याला जुनी साटाची वायर लावली, दोन हार्ड डिस्क एका सेकंदात गेल्या. एकात मेहुणीच्या लग्नाचं शूटिंग होतं. अजून ऐकून घेतोय.

द्राक्षबाग
आम्ही तासगावकडचे. संध्याकाळी पंप सुरू झाले की व्होल्टेज 170 वर. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (वीज व्होल्टेजच्या तालात ओढणारं सर्किट असलेला), 100 ते 240 व्होल्ट इनपुट लिहिलेला एसएमपीएस घेतल्यापासून पीसी परत बंद पडला नाही. आधीचा स्वस्तातला रोज दिवेलागणीला मान टाकायचा.

पेठेतला मेकॅनिक
हे मान्य. पण अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले काही डबे साध्या यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर लाईट गेल्या गेल्या बंद पडतात, हेही लिहा. आणि 600 व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण 360 वॅट. त्यावर हे मशीन, दोन मॉनिटर, वर स्पीकर? रेंडरच्या मध्यात लाईट जाऊ दे, कळेल.

कृष्णाकाठ, एक विचारतो. कॅबिनेटला उघडा हात लावला की झिणझिण्या येतात का?

कृष्णाकाठ
येतात की. पावसाळ्यात जास्त. चप्पल घालूनच बसतो.

पेठेतला मेकॅनिक
मग तुमचं अर्थिंगच नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कॅपॅसिटर असतात, त्यांची गळती अर्थमध्ये जायची असते. अर्थ नसेल तर कॅबिनेटवर निम्मे, म्हणजे 115 च्या आसपास व्होल्ट तरंगत राहतात. दहा हजाराचा डबा लावला तरी झिणझिण्या तशाच. मल्टिमीटर घ्या, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती दाखवतो बघा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक.

वारणेची लेक
इथे मी तुमच्या बाजूने. पण अर्थिंग केल्याने 16 अँपिअरचे 30 होत नाहीत, दादा.

पेठेतला मेकॅनिक
नाही होत. पॉवर लिमिटवर मी अजून ठाम आहे.

कृष्णाकाठ
आत्ताच मोजलं. 38 व्होल्ट. घरमालकाला फोन केला, म्हणतो, "इतकी वर्षं कुणी काय बोललं न्हाई." वायरमन रविवारी येतोय. 650 ब्रॉन्झ सांगून ठेवलाय, 12 व्होल्टला 50 च्या वर अँपिअर असलेला. कार्ड कपाटात, लग्नाच्या अल्बमच्या रिकाम्या खोक्यात. पुढच्या आठवड्यात दोन हळदी आणि एक रिसेप्शन द्यायचंय, ते 1050 वरच ढकलतोय.